दुखणं, देणं आणि देव

(वडनेर, जिल्हा वर्धा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांनी मला सातवीत मराठी शिकवलं. एके दिवशी त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनातला एक उतारा वर्गात वाचला. वाचता वाचता थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “पोरांनो, लक्ष्मीबाई टिळक ख्रिस्ती झाल्या होत्या. पण त्यांची मराठी तुमच्या आजीची मराठी आहे.” वर्गात ख्रिस्ती घरातली मी एकटीच होते. कुणी ‘तुमच्या घरी कोणता देव?’ म्हणून विचारलं, की मी मान खाली घालत असे. त्या दिवसानंतर घातली नाही. गुरुजी स्वतः वारकरी घराण्यातले होते, पंढरीची माळ त्यांच्या गळ्यात होती. त्यांच्या नावाने चाललेल्या या मालेत बोलायला उभं राहताना मला सगळ्यात आधी तो वर्ग आठवला.

संयोजकांनी विषय दिला आहे ‘आजारपण, आर्थिक ओढाताण आणि ख्रिस्ती श्रद्धा’. मी पाळक नाही. 34 वर्षं मी सरकारी दवाखान्यांत परिचारिका होते. त्यामुळे शास्त्र उलगडून सांगण्यापेक्षा जे मी वॉर्डात, आमच्या मंडळीत आणि माझ्या घरात पाहिलं, तेच सांगणार आहे.

रात्री दोनच्या सुमाराला पेशंटचा नातेवाईक सिस्टरच्या टेबलाशी येऊन उभा राहतो. त्याच्या मनात दोन प्रश्न असतात. माणूस वाचेल का, आणि पैसे किती लागतील? पहिला प्रश्न आधी येईल असं तुम्हाला वाटेल. मी दुसराच आधी ऐकत आले. नवीन होते तेव्हा मला राग यायचा. पुढे कळलं, की यात माया कमी नसते. वाचवायचं तर सकाळपर्यंत रक्कम उभी करायची आहे, हे त्याला ठाऊक असतं. तुमच्याशी बोलत असतानाच तो मनात हिशेब मांडत असतो. बैलजोडी, बायकोची पोत, सोयाबीनचा राहिलेला चुकारा, आणि शेवटी सावकार.

आपल्या भागात दुखणं आणि देणं वेगवेगळं येत नाही. 2006 साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्या सहांत आपला वर्धा होता. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळी आली आणि उभ्या पऱ्हाटीत नांगर घालायची पाळी लोकांवर आली. त्या वर्षी ज्या घरात कुणाचं डायलिसिस चाललं होतं, कुणाला काविळीने धरलं होतं, त्या घरांचं काय झालं असेल हे या मंडपात समजावून सांगायची गरज नाही.

ख्रिस्ती घरात अशा वेळी आणखी एक ओझं असतं. ते बाहेरून दिसत नाही, म्हणून सांगते. गावात एक समज आहे, की यांना मिशनकडून पैसे मिळतात. परदेशी मिशनरी जाऊन कितीतरी वर्षं झाली. आमच्या लहान मंडळ्यांत पाळकाचं मानधन दर रविवारच्या अर्पणाच्या थैलीतून निघतं, आणि त्या थैलीत मजुरी करणाऱ्या बायांच्या नोटा असतात. उलट श्रद्धेपायी सवलत गमावलेली घरं मी पाहिली आहेत. अनुसूचित जातींबाबतचा 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आजही त्यात नाहीत. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात जागा मिळाली, पण शिष्यवृत्तीपासून वसतिगृहापर्यंतचा फरक घराला सोसावा लागतो. एकाच आज्याचे दोन नातू, दोघांच्याही बापाला वावर नाही. एकाच्या फॉर्मवर एक रकाना भरला जातो, दुसऱ्याच्या फॉर्मवर दुसरा. अशा घरातला बाप आजारी पडला की शेजारी विचारतो, “तुमच्या येशूनं काय देलं तुम्हाले?” हा प्रश्न तो माणूस उपाशीपोटी ऐकतो, आणि तरी रविवारी उपासनेला जातो. का जातो?

या प्रश्नाशी मी पुस्तकातून आले नाही. माझ्या आईच्या पायावरून आले.

माझी आई चौथी शिकलेली. हयातभर दुसऱ्याच्या वावरात निंदण, वेचण केलं. तिला 15 वर्षांपासून साखरेचा आजार होता. गोळ्या मीच आणून देत होते. 2018 च्या उन्हाळ्यात ती एका चंगाई सभेला, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून भरवलेल्या प्रार्थनासभेला गेली. मोठा मांडव, मोठे कर्णे. तिथे बोलणाऱ्याचं नाव मी घेत नाही. त्याने सांगितलं, की जो खरा विश्वास ठेवतो त्याला गोळीची गरज उरत नाही, आणि गोळी घेणं म्हणजे प्रभूवर संशय घेणं. आईने घरी येऊन गोळ्या बंद केल्या. मला कळू नये म्हणून रोज एक गोळी पाकिटातून काढायची आणि ज्वारीच्या डब्यात, ज्वारीच्या खाली टाकायची. दीड महिन्याने तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला काळेपणा दिसला. मी रात्रपाळ्या करत होते. दुसऱ्यांच्या आयांचे पाय तपासत होते. माझ्या आईचे पाय मी बघितले नव्हते.

दोन बोटं काढावी लागली. भावाने दोन एकर गहाण टाकले. ज्वारी पाखडायला डबा उलटा केला तेव्हा 40 वर गोळ्या सुपात पडल्या.

पण ज्यासाठी मी हे सांगते आहे ती गोष्ट याच्या पुढची. शुद्धीवर आल्यावर तिने पायाकडे बघितलं नाही. पैशाचं विचारलं नाही. ती म्हणाली, “माहा इश्वास कमी पडला वं बाई.” बोटं गेल्यापेक्षा हे दुखणं मोठं होतं. बोटं सर्जनने काढली, ती जखम भरली. ही दुसरी जखम माणसांनी केली होती, आणि दोष मात्र आई स्वतःवरच घेत होती.

आईला भेटायला मंडळीतली माणसं आली. एक म्हणाले, घरात काही लपलेलं पाप आहे का ते तपासा. दुसरे म्हणाले, दशांश वेळेवर जातो का? वाईट मनाची माणसं नव्हती ती. पवित्र शास्त्रात ईयोबाचं पुस्तक आहे. त्याची गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर गळवं आली. त्याचे तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. तिथपर्यंत ते खरे मित्र होते. आठव्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं आणि चुकले. तू काहीतरी केलं असशील, म्हणून हे झालं, असं ते सांगत राहिले. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नव्हे. ईयोबाने तर देवाशी भांडण मांडलं होतं, जन्मदिवसाला शिव्या घातल्या होत्या. देव रागावतो त्या मित्रांवर, ज्यांनी देवाची बाजू घेतली. हे आमच्या किती मंडळ्यांत सांगितलं जातं?

आणि एक म्हातारी आली. आमच्याच गल्लीतली, आम्ही तिला मावशी म्हणत होतो. ती रोज दुपारी दवाखान्यात यायची, आईच्या खाटेखाली बसकण मारायची आणि मेथी निवडायची. निवडलेली भाजी घेऊन घरी जायची, दुसऱ्या दिवशी डब्यात आणायची. अकरा दिवस. मी एकदाही तिच्या तोंडून देवाचं नाव ऐकलं नाही.

त्या दिवसांत मी आईला वाचून दाखवायला लागले. पवित्र शास्त्र उघडलं की ती तोंड फिरवायची. म्हणून पंडिता रमाबाईंचं चरित्र काढलं.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाशी तुटलेले. हे कुटुंब पुराण सांगत देशभर पायी फिरत होतं. 1874 नंतरच्या दुष्काळात शिधा बंद झाला. काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चालत उत्तरेकडे गेले. झेलमच्या काठी कडाक्याची थंडी, अंगावर पांघरूण नाही. त्यांनी नदीकाठी कबरीसारखे दोन खड्डे खणले, त्यात उतरले आणि डोकं वर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. अशा रात्री काढल्या. हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

इथे आईने मला थांबवलं. “मंग देवानं ऊब देल्ली का वाळूनं?” असं विचारलं. मला उत्तर आलं नाही. तीच थोड्या वेळाने म्हणाली, “भाऊ होता नं बाजूच्या खड्ड्यात.”

भाऊही 1880 मध्ये गेला. लग्न झालं, एकोणीस महिन्यांत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. कडेवर लेक मनोरमा. 1883 मध्ये रमाबाई डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या आणि तिथेच, वाँटेजला, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. डॉक्टर मात्र झाल्या नाहीत. त्यांना ऐकू कमी येत होतं, त्यामुळे तो अभ्यास सोडावा लागला. हे बहिरेपण त्यांना जन्मभर पुरलं. आता मला त्या मांडवातल्या वक्त्याला विचारायचं आहे. रमाबाईंचे कान उघडले नाहीत. हजारो पोरक्या मुलींसाठी गुडघे टेकणारी ही बाई विश्वासात कमी होती काय? बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या शरीरात काटा होता. तो काढ म्हणून त्याने तीनदा विनवलं, काटा निघाला नाही. पौलाचा विश्वासही कमी म्हणायचा का?

रमाबाईंकडे पैसा होता असं कुणी म्हणेल. बॉस्टनला 1887 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने दहा वर्षांच्या मदतीचं वचन दिलं होतं, त्यातून शारदा सदन उभं राहिलं. पण 1896-97 चा दुष्काळ कुणाच्या अंदाजपत्रकात नव्हता. तो दुष्काळ आपल्या मध्य प्रांतावर कोसळला होता. ऐका हो, आपला वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या. जी भूक त्यांनी वीस वर्षांपूर्वी भोगली होती, तीच त्यांना रस्त्याच्या कडेला पुन्हा दिसली. सुमारे 300 मुली आणि बाया त्या घेऊन गेल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर नेल्या. मुक्ती सदन तिथून वाढलं. पैसा येईल तेव्हा यांना आणू, असा क्रम रमाबाईंनी ठेवला नाही. प्रार्थना केली, आणि विहिरी खणल्या. प्रार्थना केली, आणि तेलाचा घाणा, हातमाग, छापखाना घातला. आंधळ्या मुलींसाठी मनोरमाने ब्रेल आणलं. त्या एकट्या गुडघ्यावर बसून मदतीची वाट बघत होत्या, असं चित्र काही भक्तिपर पुस्तकांत रंगवतात, ते मला अपुरं वाटतं. त्यांचे गुडघे टेकलेले होते आणि हातात कुदळही होती.

शेवटची वर्षं बघा. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या सगळ्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. 24 जुलै 1921 रोजी मनोरमा गेली. 40 वर्षांची मुलगी, सगळ्या कामाची वारस. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, आणि ते भाषांतर 1924 मध्ये छापून निघालं. खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच बाया होत्या.

आईला मी विचारलं, हिचा विश्वास कमी पडला होता का गं? ती म्हणाली, “पोरगी गेली तरी लिवत बसली?” आणि गप्प झाली. त्या रात्री तिने पहिल्यांदा स्वतःहून साखरेची गोळी मागितली.

औषधाबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, कारण समोर काही ओळखीचे ख्रिस्ती चेहरे दिसताहेत. बायबलमधला राजा हिज्कीया मरणाच्या दारात होता. त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली, आणि यशया संदेष्ट्याने सांगितलं, गळवावर अंजिराचा लेप लावा. प्रार्थना ऐकली गेल्यावर लेप! शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. मिरजेत 1890 च्या दशकात डॉ. वानलेस यांनी रुग्णालय उभारलं, नागपूरला मूर मेमोरियल झालं, वर्धा नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात उमरीचं मिशन हॉस्पिटल आहे. ज्यांनी आपल्याला येशूचं नाव सांगितलं, त्यांनी त्याच हाताने टाके घातले, बाळंतपणं केली. आमच्या घरोघरच्या मुली नर्सिंगला गेल्या त्या याच परंपरेतून. गोळी बंद करा म्हणणारा माणूस आमच्या आज्या-पणज्यांच्या श्रद्धेतला नाही. तुमच्या गावात असं कुणी सांगू लागलं, तर त्याच्यासमोर उभे राहा आणि त्या पेशंटला वडनेरच्या ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा. बाकीचं नंतर बघू.

रमाबाई आईला जरा दूरच्या वाटायच्या. लक्ष्मीबाई मात्र तिला एकदम शेजारच्या वाटल्या. बोटं कापल्यानंतर ती पहिल्यांदा हसली ती ‘स्मृतिचित्रे’ ऐकताना.

लक्ष्मीबाईंच्या पतीचं, टिळकांचं, आपल्या भागाशी नातं आहे. नारायण वामन टिळक नागपुरात बुटींच्या आश्रयाला होते. पुढे राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक गोरा प्रवासी भेटला, त्याने बायबल दिलं आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. हा प्रवासी म्हणजे यवतमाळ भागात काम करणारे मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड असावेत, असं मानतात. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायकोला न विचारता. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. पदरात लहान दत्तू. पुढची चार-पाच वर्षं नातेवाइकांच्या आधाराने, पंढरपूरला काढली. मग त्या नवऱ्याकडे आल्या, पण त्याचा धर्म घ्यायला नव्हे. आपलं सोवळं, आपली वेगळी चूल घेऊन आल्या. स्वतःच्या मनाशी झगडून, जात माणसांनी केली हे स्वतःला पटल्यावर, 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कुणाच्या आजारपणाचा, कुणाच्या पैशाचा त्यात संबंध नव्हता.

पैसा तर त्या घरात टिकतच नव्हता. टिळकांच्या हाताला देण्याची सवय. घरात काय शिल्लक आहे याचा विचार न करता ते देऊन मोकळे होत, आणि चूल पेटवायची बाईंनी. संवत छपन्नच्या दुष्काळातली अनाथ मुलं घरात आणली, त्यांचं खाणं-न्हाणं बाईंकडे. प्लेग आला तेव्हा लोक आपली माणसं टाकून पळत होते, बाई छावणीत रोग्यांची सेवा करत होत्या. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाई चिडत, भांडत, ते सगळं त्यांनी मोकळेपणी लिहून ठेवलं आहे. मला हेच मोलाचं वाटतं. श्रद्धा म्हणजे तोंड दाबून सोसणं, असं त्यांच्या घरात नव्हतं. नवऱ्याशी भांडण, देवाशी बोलणं आणि दारातल्या उपाश्याला भाकरी, तिन्ही एकाच स्वयंपाकघरात चालत होतं.

आई म्हणाली, “हे तं माह्यासारखीच कटकट करते वं!” मग जरा वेळाने म्हणाली, “कटकट केली तं चालते का?” तेव्हा मी स्तोत्रसंहिता उघडली. त्यात कितीतरी स्तोत्रं तक्रारीची आहेत. देवा, किती दिवस, कुठे लपलास, असं विचारणारी. वधस्तंभावर येशूने म्हटलेले शब्दही अशाच एका स्तोत्रातले आहेत. तिने तोंड फिरवलं नाही.

9 मे 1919 रोजी टिळक मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वारले. बाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धंही झालेलं नव्हतं, सुमारे 11 अध्याय. बाईंचं शिक्षण शाळेतलं नव्हतं. त्यांनी 64 अध्याय लिहून ते पुरं केलं. 1933 मध्ये नागपूरला मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरलं, त्याच्या अध्यक्ष लक्ष्मीबाई होत्या. इथून नागपूर किती लांब आहे? गुरुजी जन्मले त्याच सुमाराला ती बाई नागपुरात भाषण करत होती.

वर्ध्याचं आणखी एक नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा राहत. तमिळ ख्रिस्ती, मुंबईत हिशेबतपासनीस म्हणून भरपूर कमावणारे. 1934 च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचा भार त्यांनी उचलला. पुढे तुरुंगात असताना येशूच्या शिकवणीवर एक पुस्तक लिहिलं आणि टिकाऊ अर्थव्यवस्थेवर दुसरं. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे. रक्तदाबाने त्यांना कायम छळलं. नंतर आपल्याच जिल्ह्यात सेलडोहला त्यांनी आश्रम मांडला. येशूची शिकवण आणि खेड्यातला घाणा, चरखा, मधमाशी, यांत त्यांना फारकत दिसत नव्हती. आपल्या मुलांना मगनवाडी दाखवायला नेता, तेव्हा हा माणूस रविवारी प्रार्थना करणारा ख्रिस्ती होता हेही सांगा.

आता मुद्द्याचं बोलते. शुभवर्तमानात एका पक्षाघाती माणसाची गोष्ट आहे. चौघांनी त्याला खाटेवर घालून आणलं, गर्दीमुळे दार मिळेना, तर छप्पर उघडून खाली सोडलं. तिथे लिहिलं आहे, की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा म्हणजे आणणाऱ्यांचा. खाटेवरच्या माणसाने विश्वास दाखवला की नाही, हे तिथे विचारलेलंच नाही. आमच्या मंडळ्यांनी हे उलटं करून ठेवलं आहे. आजारी माणसाला आम्ही विचारतो, तुझा विश्वास आहे का? प्रश्न खाट उचलणाऱ्यांना विचारायला हवा. माझी आई श्रद्धेत टिकली ती तिच्या मनाच्या बळावर नाही. ती मेथी निवडणाऱ्या मावशीमुळे टिकली. त्या अकरा दिवसांत विश्वास मावशीकडे होता, आईकडे नव्हता, आणि तेवढ्याने भागलं.

आई पुढे चार वर्षं जगली. काठी घेऊन उपासनेला जायची. भावाचे दोन एकर अजून पूर्ण सुटले नाहीत. चमत्कार झाला असं मी सांगणार नाही.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने फार वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या गावांसाठी एक रीत घातली. घराघरांतून कुवतीप्रमाणे ज्वारी गोळा करायची, आणि त्या बदल्यात गावाला उपचारात सवलत द्यायची. नोटा नसलेल्या माणसाकडेही ज्वारी असते, हे त्यांना कळलं होतं. तिकडे दूर मिझोरामच्या मंडळ्यांत 1910 पासून अशीच पद्धत आहे. बाई भात रांधायला तांदूळ घेते तेव्हा आधी एक मूठ बाजूच्या भांड्यात टाकते आणि ते तांदूळ मंडळीला जातात. गरीब डोंगराळ भागातल्या त्या मंडळ्यांनी या मुठीवर कितीतरी कामं चालवली.

आपल्याकडे पेशंट सेवाग्रामला किंवा सावंगीला न्यायचा तर उपचाराच्या आधी गाडीभाडं लागतं, आणि सोबतच्या माणसाच्या दोन वेळच्या जेवणाचे पैसे. किती माणसं केवळ यासाठी दोन दिवस उशिरा येतात, ते मी 34 वर्षं बघितलं आहे. त्या दोन दिवसांत पाय काळा पडतो.

म्हणून माझं मागणं आहे. ते फक्त ख्रिस्ती घरांपुरतं नाही. विहारातल्या, देवळातल्या, मशिदीतल्या सगळ्यांसाठी आहे. दर आठवड्याला एका घराची एक मूठ ज्वारी, गहू, तूर, काहीही. महिन्याच्या शेवटी ती विकायची आणि गावातल्या पेशंटच्या गाडीभाड्याला द्यायची. हिशेब शाळेच्या फळ्यावर लिहायचा. पेशंटला धर्म विचारायचा नाही, आणि विश्वास आहे का हेही विचारायचं नाही.

मंडपाच्या दाराशी एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. तो माझ्या आईचा आहे, ज्वारीचा, ज्यात तिने गोळ्या लपवल्या होत्या तोच. मी घासूनपुसून आणला आहे. पहिली मूठ मी टाकली. गावातले दोन पेशंट उद्या सकाळच्या गाडीने सेवाग्रामला जायचे आहेत. जाताना डब्याजवळ थांबा.